मिनिटाला वीस

नर्सिंग परिषदेच्या नोटिशीचा अर्थ एवढाच होता की थोरलीने दोनाचा तीन केला. नोटिशीला सरळ बोलायची सवय नसते, म्हणून तिथे 'रुग्णनोंदीत हेतुपुरस्सर फेरफार' असं छापलं होतं, खाली तीन कलमं होती, आणि परिचारिका म्हणून आपला परवाना कायमचा रद्द का करण्यात येऊ नये, असा एक सभ्य प्रश्न होता. अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा श्वास मिनिटाला चोवीस असताना बाईंनी तो मागाहून चौतीस केला, का तर डॉक्टर उशिरा आल्याचं खापर डॉक्टरांच्या डोक्यावर फुटावं.

थोरलीने नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचली.

"तीन माझाच आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "पेन अडलं म्हणून गिरवला."

"मग तसं लिहून दे."

"पेन अडलं म्हणून?"

नवऱ्याने विचार केला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याच्याकडून असलं कारण ऐकून घेतलं नव्हतं. "नको," तो म्हणाला.

आता ही थोरली म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. सरळ नाकासमोर चालणारी बाई, बावीस वर्षं एकाच वॉर्डात, आणि माणसाचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजणारी. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, बोटं रोग्याच्या मनगटावर, डोळा त्याच्या पोटावर. मनगट कशाला? तर रोग्याला वाटावं की नाडी बघतायत. श्वास मोजतायत असं कळलं की माणूस बिथरतो, कधी श्वास घ्यायचंच विसरतो, कधी फुशारकीने दोन जास्त घेतो. सवय अशी हाडीमाशी खिळलेली की बसमध्ये, बारशाला, शेजारणीशी बोलताना सुद्धा ती समोरच्याचे मोजून घ्यायची. नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायची सोय नाही हो. मी इथे तावातावाने बोलतोय आणि ही म्हणते, सव्वीस."

आणि बाकीचा वॉर्ड? बाकीचा वॉर्ड वीस लिहायचा. ताप मोजायचा, नाडी मोजायची, रक्तदाब मोजायचा, कारण त्यांना यंत्रं होती. श्वासाला यंत्र नव्हतं, नुसतं एक मिनिट लागायचं, आणि तेच कुणाकडे नव्हतं. नवी मुलगी कामावर रुजू झाली की पहिल्याच दिवशी कुणीतरी हळूच सांगायचं, वीस लिही, वीसला कुणी काही विचारत नाही. खरंच विचारत नसत. त्या वॉर्डात वर्षानुवर्षं हजारो माणसं आली, म्हातारी आली, धापा टाकत आली, आणि सगळ्यांनी मिनिटाला वीस श्वास घेतले. काहींनी तर मेल्यानंतरही अर्धा तास वीस घेतल्याची कागदोपत्री नोंद आहे.

धाकटीसुद्धा वीसच लिहायची. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघी दोन भावांना दिलेल्या, एका वॉर्डात लागलेल्या, एका घरात राहणाऱ्या; थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. वॉर्डातही सगळे त्यांना थोरली सिस्टर आणि धाकटी सिस्टरच म्हणत. धाकटी हाताची हलकी, तोंडाची गोड. रोगी तिच्यावर जीव टाकायचे आणि थोरलीला घाबरायचे. तीन वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा कामावर असताना पडला, पाठ कामातून गेली, तेव्हापासून वरच्या मजल्याचा सगळा भार धाकटीवर. दोघी सकाळी नाहीतर दुपारी एकाच बसने जायच्या, एकाच बसने यायच्या. जावाजावांचं इतकं पटलेलं कुणाला बघवत नाही, पण पटत होतं खरं.

त्या दुपारी वॉर्डात एकतीस रोगी होते आणि सिस्टर या दोघी. धाकटीने दोन वाजता फेरा मारला, चार वाजता मारला. अकरा नंबरला दोन वाजता श्वास वीस, चार वाजता वीस. अकरा नंबर म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा एक म्हातारा, दाखल झाल्यापासून औषधांच्या कपाटाच्या कुलपाला नावं ठेवणारा. पाचला पाच कमी असताना थोरली त्याची सलाईन बदलायला गेली, तर तो काहीच नावं ठेवत नव्हता. तिने मनगट धरलं. चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस. लिहायला गेली तर पेन अडलं, तीन पुसट उमटला, तो तिने गिरवला. पाचच्या ठोक्याला डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर पावणेसातला आले, म्हाताऱ्याला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच्या मुलीने तक्रार केली. माझे वडील पावणेदोन तास तसेच का पडून होते, एवढंच तिला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर फोनवर नुसतं 'बघून जा' म्हणाल्या, चौतीस म्हणाल्याच नाहीत. रुग्णालयाने सगळा कागद समोर घेतला. चारला वीस आणि पाचला चौतीस? छे, कसं शक्य आहे. चोवीस असेल तर शक्य आहे. आणि बघा, तीन तर गिरवलेलाच आहे! एवढी हुशारी त्या रुग्णालयात आजवर कुणी कुठल्या रोग्यासाठी दाखवली नव्हती. थोरलीला घरी बसवलं आणि कागद परिषदेकडे पाठवला.

घरी बसून थोरलीने आधी कपाट आवरलं, मग माळा आवरला, मग नवऱ्याची हत्यारं आकारानुसार लावली. तेव्हा नवरा म्हणाला, "तू लवकर कामावर जायला हवीस." ती म्हणाली, "आणि नाहीच गेले तर? परवाना नसला तर मी कोण रे? मला दुसरं काय येतं?" त्याने आपला पाना शोधला, तो नव्या जागी होता.

संघटनेने वकील दिली. वकीलबाई हुशार होत्या, फक्त त्यांना बारमाही सर्दी होती.

"सोपं आहे," त्या नाक पुसत म्हणाल्या. "तो चारचा वीस खोटा ठरला की तुमचा चौतीस आपोआप खरा ठरतो. वीस लिहिला कुणी?"

"माझ्या जावेने."

वकीलबाई शिंकल्या. "सख्ख्या?"

"सख्ख्या."

"तिला तर रुग्णालयाने साक्षीला बोलावलंय. त्यांच्या बाजूने. बरं, तुम्ही एवढंच सांगा, ती श्वास मोजत नाही."

"चार वाजता मी खाटेपाशी नव्हते. मोजलं की नाही ते मी पाहिलेलं नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि पाहणं वेगळं. जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही, आणि सांगतही नाही."

"अहो बाई, परवाना जाईल तुमचा!"

"ओरडू नका," थोरली म्हणाली. "घसा बसलाय तुमचा."

सुनावणीच्या आदल्या रविवारी सकाळी धाकटी खाली आली. नोटीस आल्यापासून ती जिन्यात भेटली तरी भिंतीकडे बघत जायची. आज ती थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. थोरली भांडी पुसत होती.

"ताई, मी काय सांगू तिथे?"

"जे मोजलंस ते सांग."

"आणि मोजलंच नसेल तर?"

थोरलीने ताटली पुसली, पालथी घातली, दुसरी घेतली. "ते मला नको विचारूस."

"मग कुणाला विचारू? ह्यांना विचारलं तर हे म्हणतात गप्प बस. माझा परवाना गेला तर वर चूल कशी पेटणार, ते सांगा. तुमच्या घरात दोघांचे हात चालतात."

"मी तुला काही म्हटलंय का?"

"तेच तर! म्हणा ना काहीतरी! भांडा! शिव्या घाला!" धाकटीचा आवाज चिरकला. "असं ताटल्या पुसत नका बसू माझ्यासमोर."

थोरलीला त्या क्षणी तिचा इतका राग आला होता की हातातली ताटली आपटावी. पण ताटली बिचारीने काय केलं होतं. "चहा घेशील?" ती म्हणाली. धाकटी डोळे पुसत वर निघून गेली. चहा नवऱ्याने घेतला.

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, त्यामागे तिघं: मधे अध्यक्षबाई, एका बाजूला एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कायद्याचे एक गृहस्थ. अध्यक्षबाई स्वतः एके काळी मेट्रन होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांच्याकडे बघून माणूस अजूनही खुर्चीत सरळ बसायचा. मागच्या बाकावर म्हाताऱ्याची मुलगी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन, कुणाशी न बोलता.

रुग्णालयाचे वकील बोलले. मग त्या दिवशी उशिरा आलेले डॉक्टर बोलले, घड्याळात बघत. मग थोरलीला विचारलं. तिने सांगितलं: पाचला पाच कमी, चौतीस, दोनदा मोजलं, पेन अडलं, फोन केला, आकडा फोनवर सांगितला. कायद्याच्या गृहस्थांनी विचारलं, मग चारची नोंद चुकीची आहे असं तुमचं म्हणणं आहे का?

वकीलबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की दगड बोलला असता.

"चारची नोंद माझी नाही," थोरली म्हणाली. "मला सांगता येणार नाही."

वकीलबाईंनी रुमालात तोंड घातलं.

मग धाकटीला बोलावलं. ती आली, शपथ घेतली, सही ओळखली. हो, अक्षर माझं. हो, चार वाजता. हो, वीस. रुग्णालयाचे वकील खूश होऊन बसायला निघाले, तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, "सिस्टर, इकडे या. माझे श्वास मोजा."

खोलीत कुणाला काही कळेना. रुग्णालयाचे वकील अर्धवट उठले, अर्धवट बसले.

"मोजा ना. तुम्ही जसे मोजता तसे. डॉक्टर, तुम्ही पण मोजा आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा," त्या शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या.

धाकटी टेबलाला वळसा घालून गेली. अध्यक्षबाईंचं मनगट धरलं. छातीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नजर खाली नेली. थोरलीच्या लक्षात आलं की आपणही मोजायला लागलोय. सवयच ती. एक, दोन, तीन. कायद्याचे गृहस्थ पेनचं टोपण काढायचं आणि लावायचं विसरून बसले. वकीलबाईंना शिंक आली होती, ती त्यांनी कशी परतवली ते त्याच जाणोत. अर्धं मिनिट झालं. धाकटी थांबली नाही. पाऊण झालं. थोरलीला कळून चुकलं की धाकटी बरोबर मोजतेय, पूर्ण मोजतेय, आणि आता आपलं संपलं.

मिनिट भरलं. "सोळा," धाकटी म्हणाली.

सोळाच होते. थोरलीचेही सोळा आले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सतरा होते, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला उत्तम मोजता येतं."

"येतं, मॅडम," रुग्णालयाचे वकील तिच्या वतीने म्हणाले.

धाकटीने मनगट सोडलं नव्हतं. तिथेच उभी राहून ती म्हणाली, "येतं. पण केवढं मोठं असतं हो मिनिट. मी विसरूनच गेले होते." तिचा आवाज कापायला लागला. "एकतीस रोगी होते, मॅडम. एकतीस मिनिटं. दर दोन तासांनी एकतीस मिनिटं नुसतं उभं राहून बघत बसायचं? औषधं कुणी द्यायची, लघवीची पिशवी कुणी बदलायची, मेलेल्याला कुणी बांधायचं? मी मोजले नाहीत. चारला पण नाही आणि दोनला पण नाही. अकरा वर्षं कुणाचेच मोजलेले नाहीत. आज मोजले, तुमचे. ताईंचा आकडा खराच असणार. त्यांना खोटं लिहिताच येत नाही, एवढा वैताग आहे तो."

रुग्णालयाचे वकील म्हणाले की साक्षीदार भावनावश झाली आहे. अध्यक्षबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. धाकटी जागेवर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. थोरलीला आधी झाला तो आनंद. इतका की तिला स्वतःची लाज वाटली. मग तिला धाकटीजवळ जावंसं वाटलं, पण सुनावणी चालू होती.

खरं तर सगळं संपलं होतं. वकीलबाई कागद आवरत होत्या. अध्यक्षबाईंनी अकरा नंबरच्या नोंदींचा तक्ता उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि अगदी शेवटची ओळ पाहिली.

"तळाशी 'तपासले' असं लिहून सही आहे. रात्री आठची. ही कुणाची?"

"माझी," थोरली म्हणाली. "पाळी संपताना मुख्य सिस्टर करते, हलवलेल्या रोग्यांच्या कागदावरही."

"सही करताना चारचा वीस दिसला होता?"

वकीलबाईंनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. चांगला जोरात दाबला. थोरलीला कळलं की 'लक्षात नाही' म्हटलं तर चालून जाईल. एकतीस तक्ते होते, गडबड होती, कुणालाही पटलं असतं. परवाना तिच्या हातात परत आलेलाच होता, फक्त मूठ मिटायची बाकी होती.

"दिसला होता."

"तो मोजलेला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"आणि तरी तपासले म्हणून सही केलीत."

"केली. रोजच करते. सगळ्यांच्या विसाखाली करते." थोरलीने पाय मागे ओढून घेतला. "माझा स्वतःचा आकडा खरा आहे ना, एवढ्यावर मी खूश होते, मॅडम. दुसऱ्यांच्याकडे मी कानाडोळा केला. कुणाकुणाला सांगायचं आणि कुणाकुणाशी भांडायचं, म्हणून सोडून दिलं. आता इथे बसून कळतंय की अकरा नंबरचा श्वास दोनपासूनच चढत असणार. कुणी तेव्हा मोजला असता तर डॉक्टरला तेव्हाच बोलावलं असतं. हे मी तिला एकदा जरी दरडावून सांगितलं असतं, तर तिने ऐकलं असतं. ती ऐकते माझं."

वकीलबाई शिंकल्या. आता रोखायचं काही कारण उरलं नव्हतं.

अर्ध्या तासाने निकाल वाचला. नोंदीत फेरफार केल्याचा आरोप सिद्ध होत नाही, तो फेटाळला. डॉक्टरांच्या उशिराबद्दल रुग्णालयाला वेगळं पत्र जाईल. न मोजता नोंद केल्याबद्दल एकीचा, आणि न तपासता तपासले म्हणून सही केल्याबद्दल दुसरीचा, असे दोघींचे परवाने सहा महिने स्थगित. अध्यक्षबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या की आम्ही वीस नव्हतो लिहीत, आमच्याकडे अठरा लिहायचे. मग त्यांना वाटलं असावं की हे बोलायला नको होतं, कारण त्यांनी लगेच पुढची फाईल मागवली.

बाहेर व्हरांड्यात धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"तुम्ही कशाला बोललात?" ती म्हणाली. "मी एकटीने घेतलं होतं ना अंगावर? सुटला होतात तुम्ही. आता दोन्ही घरं बसली."

"सहा महिने. मग उठतील."

"अहो पण कशाला!"

"तुझी शिक्षा तू घे आणि माझी मी घेते. त्यात तुझं काय गेलं? आणि सहा महिने वरचा स्वयंपाक करायचा नाही. दोघांनी खाली यायचं जेवायला." थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकटी पुन्हा रडायला लागली, या वेळी आवाज करून, आणि थोरलीने तिला रडू दिलं.

म्हाताऱ्याची मुलगी त्यांच्यासमोर येऊन कधी उभी राहिली ते दोघींनाही कळलं नाही. चाळिशीची बाई. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

"सिस्टर, मला त्या कलमांतलं काही कळलं नाही," ती थोरलीला म्हणाली. "एकच विचारायचं होतं. चार वाजता बाबांचा श्वास किती होता?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजाने सांगून तुम्हाला फसवणार नाही. कुणी मोजला नाही."

"आणि दोन वाजता?"

"तेव्हाही नाही."

"म्हणजे त्यांना केव्हापासून त्रास होत होता, ते आता कधीच कळायचं नाही?"

"नाही."

मुलगी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, थोरलीला वाटलं, रागाला काहीतरी करता येतं.

"पण तुम्ही दोघी तिथेच होतात ना?" तिने विचारलं.

"होतो," थोरली म्हणाली.

मुलीने मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागली. ती पुढे निघून जावी म्हणून दोघी जावा बराच वेळ वरच थांबल्या.